काचेतला बंद दर्या

"हो मासो उपाशी आसा," आई म्हणाली.

टेम्पोतून टाकी उतरवून ओसरीवर ठेवली, त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. मी घामाघूम होऊन वायरी जोडत होते आणि आई पदर खोचून काचेला नाक लावून उभी होती. मी म्हटलं, प्रवासानं दमलाय, पाणी जरा स्थिरावलं की खाईल. ती जागची हलली नाही.

"प्रवासान पोट खपाटीक जाता काय? पाठ बघ तेची, सुरी जाली हा. असलो मासो मी गिऱ्हायकाक देवचंय नाय, आणि तू तेका पाळूक हाडलंस."

आईनं उभा जन्म मासे विकण्यात घालवलेला. कल्ला न उघडता ती मासा कालचा की आजचा ते सांगायची, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मला मात्र राग आला, कारण कॉलेजातल्या आमच्या कारखानीस सरांनी दोन आठवडे निरखून जे सांगितलं होतं तेच तिनं एका नजरेत सांगून टाकलं होतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तालुक्याच्या गावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागून वर्ष झालं होतं. बेडकांच्या बाटल्या पुसणं, सूक्ष्मदर्शकाच्या काचा मोजून ठेवणं, असलं काम. त्यात सरांच्या ओळखीच्या गोव्यातल्या एका हौशी माणसानं परदेशी जाताना आपला मासा त्यांच्या गळ्यात मारला. त्याला मँडरिन म्हणतात. बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी वळणांची नक्षी, आणि चाल अशी की पोहण्यापेक्षा तो दगडांवरून परांनी चालतोय असंच वाटावं. आपल्या समुद्रात तो नाहीच. दिसायला राजा, पण खाण्याच्या बाबतीत हट्टी. मेलेलं, वाळवलेलं, बर्फातलं काही तोंडात घेत नाही. दगडांवर वळवळणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत जीव टिपतो, तेही दिवसभर. सरांच्या टाकीतले असे जीव त्यानं केव्हाच संपवले होते.

सर म्हणाले होते, "बहुतेकांकडे हा मासा भरल्या टाकीत उपाशी मरतो. याला एकच उपाय आहे. शेजारी दुसरी टाकी लावायची. तिच्यात वाळू, दगड, शेवाळ, आणि ते बारीक जीव. खाणारा तिथं पोचता कामा नये. जीव तिथं वाढतील आणि वाढून जास्त झालेले पाण्याबरोबर इकडे येतील. शहराला खेडं जोडून द्यायचं, एवढंच." त्या टाकीला रेफ्युजियम म्हणतात, म्हणजे आसऱ्याची जागा, हेही त्यांनीच सांगितलं.

पण दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे कॉलेज बंद, प्रयोगशाळेची वीज बंद, आणि सर सांगलीला मुलीकडे जाणार. मी फुशारकीनं म्हणाले, "सर, मी तारींची मुलगी आहे. मासा माझ्याकडे द्या." सरांनी माझ्याकडे बघितलं आणि दिला. शब्द दिला तेव्हा सोपा वाटला होता. आता ओसरीवर उभं राहिल्यावर कळत होतं की तीन आठवड्यांत एक तर हा जगेल, नाहीतर मी सरांना तोंड दाखवू शकणार नाही.

आमची कातळवाडी म्हणजे मासेमार गाबितांची पंचवीस घरं, पुढं वाळू, डाव्या अंगाला समुद्रात घुसलेला काळा कातळ. आमच्या घरात आई आणि मी, दोघीच. बाबा मी तेरा वर्षांची असताना गेले. नारळी पुनवेच्या आधी, दर्या बंद असताना, म्हणजे मासे विणीला असतात म्हणून होड्या समुद्रात घालत नाहीत त्या दिवसांत, वाडीतल्या कुणाचं न ऐकता होडी घेऊन एकटे निघाले आणि परत आले नाहीत. होडीची एक फळी तेवढी चार दिवसांनी किनाऱ्याला लागली. विसू तारी हट्टानं गेला, हे वाडीत सगळ्यांना पाठ होतं. म्हातारे लोक मुलांना दटावताना अजून ते सांगत. आई कधी त्यावर बोलली नाही. ती दुसऱ्यांच्या होड्यांवरचे मासे लिलावात घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची. लिलावही वर वाळूवर होतो. ओल्या वाळूच्या पुढं तिचा पाय अकरा वर्षांत पडला नव्हता.

नरक चतुर्दशीला दुपारी सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी होती. मी बादली घेऊन कातळावर गेले, खळग्यांतलं हिरवं शेवाळ काढलं, हाताच्या मुठीएवढे भोकाभोकांचे दगड घेतले, आणि घरी आणून पडवीत ठेवले. दुसरी टाकी मी स्टुलावर मोठीपेक्षा उंच मांडली होती, मधे एक पारदर्शक नळी आणि तिला छोटा नळ. मग मी समुद्राचं पाणी आणायला पुन्हा खाली गेले. येऊन बघते तर शेवाळ हिरवंगार, दगड चकचकीत, आणि टाकीत नीट रचून ठेवलेले.

"तीन पाण्यांनी धुतलंय," आई म्हणाली. तिच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

आमच्याकडे समुद्रातली कुठलीही वस्तू घरात यायची तर आधी विहिरीच्या गोड्या पाण्यातून जायची. जाळं असो, वल्हं असो, माणसाचे पाय असोत. नाहीतर मीठ सगळं खातं. आईनं शेवाळावर तोच उपकार केला होता. मला रडू यायचं बाकी राहिलं. खाऱ्या पाण्यातल्या त्या कणाएवढ्या जिवांना गोडं पाणी म्हणजे विष. मी तिला तसं म्हणाले, आणि बरंच काही म्हणाले, जे म्हणायला नको होतं. शिकलेली नसलीस तरी विचारायला काय झालं होतं, असंही म्हणाले.

आई म्हणाली, "शेवाळच तां. तेतूर कसले जीव?"

मी भिंग दिलं. तळाशी पांढुरके कण पडले होते, काही हलत नव्हतं. तिनं बघितलं, खांदे उडवले आणि भात टाकायला गेली. सणाचा दिवस, पण जेवताना दोघींची तोंडं दोन दिशांना होती. मोठ्या टाकीत मासा दगडाच्या कपारीत जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी शेवाळाला वास यायला लागला आणि मी सगळं उपसून टाकलं.

भाऊबीजेला दुपारनंतर आई बाजारातून लवकर आली. पाटी आपटली आणि मला म्हणाली, "बादली घे. तू वरच्या खळग्यातला हाडलंस, थंय मासे शिरतत. चल, दाखवतंय."

मी बादली घेऊन तिच्या मागं निघाले. ओल्या वाळूशी ती थांबेल असं वाटलं होतं. ती थांबली, नऊवारीचा काष्टा वर खोचला, आणि चालू लागली. पोरवयात ती याच कातळावर कालवं काढायला यायची. कुठं पाय द्यायचा ते तिच्या पायांना अजून माहीत होतं, उलट मीच दोनदा घसरले. कातळाच्या कडेला एक अरुंद फट होती. तिच्या आत, आडवं झाल्याशिवाय दिसणार नाही अशी, परातीएवढी कोंड, म्हणजे पाणी साठलेला खोलगा, होती. मोठ्या सुकतीलाच ती उघडी पडते, आई म्हणाली. तोंड इतकं बारीक की मासा आत पोचत नाही, म्हणून लहानपणी ती आणि तिच्या मैत्रिणी तिला माहेर म्हणायच्या.

सरांनी कागदावर चित्र काढून जे मला तासभर समजावलं होतं, ते आईला सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. मी तिथं उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली.

आईनं वाकून हात आत घातला, शेवाळाचा झुपका न पिळता अलगद उचलला आणि खाऱ्या पाण्यासकट बादलीत सोडला. मी स्टीलच्या वाटीत थोडं पाणी घेतलं आणि उन्हाकडे धरलं. वाटीत रव्याएवढे कण होते. ते झटके देत इकडून तिकडे जात होते. मी भिंग आईच्या हातात दिलं.

ती वाटीवर वाकली. मागं लाटांचा आवाज येत होता. मग तिनं भिंग थोडं वर केलं, खाली केलं, आणि हळूच, जणू मोठ्यानं बोललं तर वाटीतले घाबरतील, अशा आवाजात म्हणाली, "चारू, हेंका गाबोळी आसा."

मी बघितलं. खरंच होतं. त्यातल्या कितीतरी माद्याच होत्या, आणि प्रत्येकीच्या शेपटीला अंड्यांची पुरचुंडी चिकटलेली. मी हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत आकृती काढून नावंही दिली होती. पण गाबोळी हा शब्द मला सुचला नव्हता. हजारो माशांची पोटं जिनं चिरली, ती बाई रव्याच्या कणाला गाबोळी असते हे बघून जागच्या जागी खिळली होती. 

"एवढ्याशा जिवाक," ती म्हणाली. "आणि मी तीन पाण्यांनी धुतलंय."

घरी येईपर्यंत ती बादली तिनं मला धरू दिली नाही.

त्या रात्री ते जीव दुसऱ्या टाकीत सोडले. मी लगेच नळ उघडायला हात पुढं केला, कारण मासा दोन दिवसांत आणखी वाळला होता. आईनं माझा हात धरला आणि विचारलं, किती आहेत आत? मी म्हटलं, असतील दोनेकशे. मासा दिवसाला किती खातो? मी म्हटलं, तितके तर सहज. मग तिनं पुढचं विचारलंच नाही.

"दर्या बंद," ती म्हणाली. "पुनव होयसर नळाक हात लावूचो नाय. बियाणा खाल्ला तर पेरूचा काय?"

कोंड आता पुनवेच्या सुकतीपर्यंत उघडी पडणार नव्हती, म्हणजे नवीन बी आणायची सोय नव्हती. हिशेब माझ्याही लक्षात आला. मी मान डोलावली, कारण पहिल्या दिवशी मान डोलावणं सोपं होतं.

मग आमच्या घरात एक विचित्र दिनक्रम सुरू झाला. आई पहाटे बाजाराला जाण्याआधी हिरव्या पाण्याच्या बाटल्या उन्हात मांडून जायची. सरांनी दिलेल्या त्या पाण्यातली हिरवट धूळ म्हणजे त्या जिवांचं अन्न. वीज गेली की हवेचे बुडबुडे बंद पडायचे, मग ती पाटावर बसून डावानं पाणी ढवळायची, एका लयीत, खिरीसारखं. शेजारची गोदाक्का विचारायला आली, की शेवंते, काय शिजवतंस. आई म्हणाली, कालवण. गोदाक्का काचेत डोकावली, शेवाळ बघितलं आणि काही न विचारता परत गेली. वाडीत त्याचा काय अर्थ लागला देव जाणे.

मोठ्या टाकीतल्या दगडांवर जे थोडे जीव उरले होते त्यांच्यावर मासा तग धरून होता. रोज सकाळी मी आधी त्याच्याकडे बघायची. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यामागं खळगा पडला. सातव्या दिवशी त्यानं दगड टिपायचं सोडलं. नवव्या दिवशी मी उठले तेव्हा तो टाकीच्या कोपऱ्यात वाळूवर नुसता टेकला होता, आणि मी काचेवर बोट नेलं तरी डोळा फिरवत नव्हता.

दुसऱ्या टाकीच्या काचेवर भिंग लावलं. मोठे जीव आठवड्यापूर्वी होते त्याहून कमीच दिसत होते. बाकी नुसती धूळ तरंगत होती. मला वाटलं, संपलं सगळं. मी नळाची चावी धरली.

"काढ हात," आई दारातून म्हणाली. डोक्यावर पाटी तशीच होती.

मी ऐकलं नाही. म्हणाले, तो आज मरेल. जे चार जीव आहेत ते तरी त्याला मिळू देत. तुला सवय आहे मेलेल्या माशांची, मला नाही. तू कधी जिवंत मासा सांभाळलाच नाहीस, तुला काय कळणार.

आईनं पाटी खाली ठेवली. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती उंबऱ्यावर बसली आणि चुंबळ हातात घेऊन तिच्याकडे बघत बोलायला लागली.

"तुझो बापूस हट्टान नाय गेलो. लोक म्हणतत, मी म्हणूक दिलंय. घरात तांदूळ नाय होते. पुनव आठ दिसांर होती. कोणाकडे मागूची माका लाज वाटली. तो म्हणत होतो, थांबूया, दर्या बंद आसा, गाबोळीचे मासे आसत. मी म्हटलंय, गाबोळी बघान पोट भरता काय, जावा."

मी चावीवरचा हात काढला की तो आपोआप निघाला, मला आठवत नाही.

"आठ दिस पेज पिऊन काढले असते," ती म्हणाली. "आठ दिसांनी कोण मरणा नाय, चारू. माका तेव्हा ठावक नाय होता."

अकरा वर्षं मी बाबांवर रागावून होते. आम्हाला टाकून, कुणाचं न ऐकता गेले म्हणून. आणि आई अकरा वर्षं तो राग त्यांच्या नावावर राहू देऊन माझ्यासमोर जेवत होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. उठून चूल पेटवली, चहा केला, आणि दोघींनी तो माशाकडे बघत प्यायला.

नळ बंदच राहिला. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. मासा मेला नाही. कोपऱ्यातून कपारीत गेला, कपारीतून पुन्हा कोपऱ्यात आला, एवढंच. बाराव्या दिवशी सकाळी आईनं मला हाक मारली. तिच्या हाकेत असं काहीतरी होतं की मी अनवाणीच धावले.

उगवतीचं ऊन दुसऱ्या टाकीच्या काचेवर पडलं होतं आणि काच हलत होती. खरंच तसं वाटलं. तळापासून वरपर्यंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कण आणि कण. भिंगाशिवाय दिसत होते. शेवाळाचा एक दोरा रिकामा नव्हता. नवव्या दिवशी जिला मी धूळ समजले ती त्यांची पिल्लं होती, आणि आता त्या पिल्लांच्याही शेपटीला पुरचुंड्या होत्या. एका बादलीतून, एका परातीएवढ्या कोंडीतून हे आलं होतं. आम्ही काय केलं होतं? नळाला हात लावला नव्हता, बस. मी जीवशास्त्र शिकलेली मुलगी, पण त्या काचेसमोर मला हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले. आई तर आधीपासूनच जोडून उभी होती.

मी म्हटलं, आता उघडूया. ती म्हणाली, पुनव उद्या आहे. आणखी एक दिवस थांबलो.

पुनवेला ती बाजारात गेली नाही. अंघोळ करून अंगणात नारळ फोडला. पाण्यात घातला तर तुझा सर मला मारेल, असं म्हणून खोबऱ्याचा तुकडा टाकीशेजारी स्टुलावर ठेवला. मग मागं सरली.

"तू उघड. माझ्या तोंडातसून 'जावा' पुन्हा उतराचा नाय."

मी चावी फिरवली. पारदर्शक नळीतून पाणी निघालं आणि त्याबरोबर कण, एकामागून एक, मग घोळक्यानं. मोठ्या टाकीत उतरले आणि पसरले. मासा वाळूवर तसाच होता. एक कण त्याच्या तोंडापुढून गेला, दुसरा गेला. आई माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. मग त्याचा एक डोळा वर फिरला, आणि तोंड पुढं येऊन एक बारीकसा टोचा बसला. थांबला. पुन्हा एक. मग परांवर उभा राहिला आणि दगडाकडे चालत निघाला, टिपत टिपत, जणू मधले तेरा दिवस झालेच नव्हते.

आईनं भिंग घेतलं आणि दुसऱ्या टाकीशी गेली. मला वाटलं, किती गेले ते बघतेय.

"अजून आसत," ती म्हणाली. "दिले तरी आसत."

मग तिचे खांदे हलायला लागले. बाबांची फळी मिळाली त्या दिवशीही मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मी जवळ गेले, तिला धरलं, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"आठच दिस होते गो, चारू. आठच दिस."

आम्ही दोघी तिथंच ओसरीवर बसून राहिलो. मासा संध्याकाळपर्यंत खात होता.